मावशीला गाडी दाखवण्याचा कार्यक्रम

मास्तर : मी पुढेच बघत होतो, हिरामण. गाडी मागे गेली.

हिरामण : तुम्ही रिव्हर्स टाकला असंल, मास्तर.

मास्तर : मी पहिला टाकला. मग दुसरा टाकला. दुसऱ्यात तर जास्त जोरात मागे गेली. तुझ्या शेडची भिंत मध्ये होती म्हणून मी वाचलो.

हिरामण : भिंत कुडाची होती, तिचं काय नाय. तिसरा टाकून बघितला का?

मास्तर : भिंतीतून बाहेर पडलो तो तिसऱ्यातच.

हिरामण : आणि रिव्हर्स?

मास्तर : रिव्हर्सला पुढे आली. बैलासारखी हळू, पण पुढे.

हिरामण : म्हणजे तीन गिअर मागं आणि एक पुढं.

मास्तर : मी चौथीपर्यंत शिकवतो. मोटारीतलं मला काही कळत नाही. पण माझ्या समजुतीप्रमाणे हे बरोबर उलटं असायला हवं.

हिरामण : थांबा, जरा डोकं चालवू द्या. लष्करात मी तीन वर्षं जीपा खोलल्या. जीपचं इंजिन उजवीकडं फिरतं. हे मचव्याचं, मालाच्या होडीचं इंजिन. मचव्याला मागं पंखा, आणि पंखा काय, इंजिन जसं फिरंल तसा बनवून देतात. हे आपलं डावीकडं फिरत असणार.

मास्तर : हे बसवायच्या आधी बघता आलं नसतं?

हिरामण : बसवताना ते बंद होतं ना.

मास्तर : मग आता सरळ कर.

हिरामण : चाकांचे दोन्ही आस उतरवून पालथे लावायला पायजेत. आठ दिवसांचं काम. येसूमावशी कधी येतो बोलल्या?

मास्तर : ती बांधावरून काळी छत्री येते आहे ना, तिच्याखाली त्याच आहेत.

हिरामण : मेलो.

मास्तर : घाबरू नकोस. मध्यस्थ मी आहे. काय ठरलंय ते फक्त मनात पक्कं ठेव. मी तुझ्यासाठी त्यांच्या कमळचा हात मागितला. त्या म्हणाल्या, तळखारच्या चिखलात पोर देणार नाही, तिथे बैलसुद्धा रुततो. तू म्हणालास, चिखलातून चालेल अशी गाडी बनवतो. त्यावर त्या म्हणाल्या, भरतीच्या आधी मला या रेवसहून तळखारला तुझ्या दारात ने, पायाला चिखल लागता कामा नये. नाही लागला तर कमळ तुझी. लागला तर पुन्हा नाव काढायचं नाही.

हिरामण : ते पाठ हाय मला. दुसरंच सांगा. इंजिनाचं त्यांना कळलं तर?

मास्तर : कसं कळेल? मचव्याचं नवं इंजिन त्यांनी तुझ्या शेडमध्ये ठेवायला दिलं. पेटी जागच्या जागी आहे. तिच्यावर सोमवारचं फूलसुद्धा आहे.

हिरामण : पेटीत धोंडे हायत.

मास्तर : ते तुला आणि मला माहीत. तू तिकडे बघू नकोस म्हणजे झालं. या, या येसूबाई, सांभाळून, इथे तेल सांडलंय.

येसूबाई : ही भिंत कवा पडली?

मास्तर : आत्ताच. हवेसाठी पाडली.

येसूबाई : बरं. ही व्हय गाडी? लांब हो रं हिरामन, मना नीट बघू दे. पोर बघायला गेल्यावर तिच्या बाजूला कुनी चिकटून उभं राहत नाय.

मास्तर : मी माहिती सांगतो. घराणं लष्करातलं. जन्म परदेशातला. युद्ध संपल्यावर लिलावात आपल्याकडे आली. वय वर्षं नऊ.

येसूबाई : नऊ? माझ्या डोल्यांना चालीस वाटते.

मास्तर : कष्ट झालेत जिवाला.

येसूबाई : आनि उंच किती. नवऱ्याच्या डोक्यावरून जाते.

हिरामण : मुद्दाम उंच केली, मावशी. खाली ट्रकचे पाटे घातलेत. पोट चिखलाला टेकत नाय.

येसूबाई : पायांत काय घातलंय हे?

हिरामण : टायरांना काथ्याचे दोर गुंडाळलेत. नुसता टायर खाजणातल्या चिखलात घसरतो. दोर चिखल धरून पुढं ढकलतो. म्हणजे, ढकलतो.

येसूबाई : आनि डोक्यावर घंगाल?

हिरामण : इंजिन तापतं ना, त्याच्या पाण्याला.

मास्तर : घंगाळ आमच्या घरचं आहे. सौभाग्यवतींना वाटतंय, झाळायला दिलंय.

येसूबाई : रंग माझ्या मचव्याचा दिसतो.

हिरामण : उरलेला होता. कमळनं लावला.

येसूबाई : तरीच म्हनलं, पोरगी आठ दिवस हात हिरवे घेऊन फिरते आनि मना सांगते, भाजी चिरली. बरं मास्तर, हिचं पयलंच का?

मास्तर : पहिलं काय?

येसूबाई : इंजिन हो. पयलंच हाय का दुसरं?

हिरामण : दुसरं, मावशी. पयलं वारलं. पोटात खारं पाणी गेलं.

येसूबाई : म्हंजे दुसरेपनाची. हे आधी सांगायचं असतं, मास्तर. तुमी मध्यस्थ ना? आता चालून दाखवा.

हिरामण : मास्तर, तुम्ही सांगा.

मास्तर : चालते ती उत्तम. फक्त जराशी लाजरी आहे. मागे मागे जाते.

येसूबाई : मागं?

हिरामण : खाजणात मागंच चालवायची असते, मावशी. नवी पद्धत हाय.

मास्तर : निसर्गातही तसंच आहे. आता खेकडा बघा.

येसूबाई : कुरली आडवी जाते, मास्तर. शाळेत पोरांना हेच शिकवता?

मास्तर : आज रविवार आहे.

येसूबाई : मना काय, मागं जावो नायतर आडवी. दारात गेल्याशी मतलब. बसायचं कुठं?

हिरामण : या बाकावर. मी हात देतो. हां, बसा. बाक शाळेतला हाय, मजबूत हाय.

येसूबाई : हितं कायतरी कोरलंय. काय हाय, मास्तर?

मास्तर : सुविचार आहे.

हिरामण : ‘दत्तू मास्तर ढ’ असं हाय, मावशी.

मास्तर : हिरामण, हँडल मार.

(इंजिन सुरू झालं. यापुढचं सगळं ओरडून बोललं आहे.)

येसूबाई : एवढा आवाज कसला करते?

हिरामण : काय?

येसूबाई : आवाज.

हिरामण : हां, ताजी हवा. बसा घट्ट. मास्तर, तुम्ही मागच्या फळीवर उभे राहा आणि मला वाट सांगा. मला मागचं दिसत नाय.

मास्तर : चल. सरळ. सरळ. डावीकडे घे.

हिरामण : कुणाची डावी?

मास्तर : माझी.

हिरामण : तुमचं तोंड तिकडं हाय, माझं इकडं.

मास्तर : मग बांधाची डावी.

हिरामण : बांधाला डावी कसली, मास्तर?

येसूबाई : माडाकडं घे रं. माडाकडं घे म्हनावं, मास्तर. डावी-उजवी कसली करत बसलाव? आता तो बगला उठला त्याच्याकडं.

मास्तर : तुम्हाला दिसतंय का तिकडचं?

येसूबाई : मान मोडून बघते म्हनून दिसतंय. समोर नुसतं रेवस हाय. कुठं चाललोय ते दिसत नाय, कुठून निघालो ते दिसतंय.

मास्तर : काळजी करू नका, मी बघतोय.

येसूबाई : तुमी बघताय म्हनून तर मान मोडते.

हिरामण : मावशी, चिखल बघा. गुडघाभर चिखल हाय खाली आणि गाडी चालली हाय. दुसऱ्या गिअरमध्ये.

येसूबाई : चालली हाय खरी.

हिरामण : पायाला लागला का?

येसूबाई : नाय लागला. मास्तरांच्या चष्म्याला लागलाय.

मास्तर : तरीच अंधारून आल्यासारखं वाटलं. हिरामण, उजवीकडे. नाही, दुसरीकडे. आता तिकडे नको. थांब.

हिरामण : काय झालं?

मास्तर : काही नाही. उघाडी आली. बांधाचं दार. आपण तिच्याजवळून जायचं होतं, आपण तिच्या खड्ड्यात आलो.

येसूबाई : घंगालाला उकली फुटली बघ.

हिरामण : बंद करतो. दोन मिनिटं थंड होऊ द्या.

येसूबाई : आता मना सांग, ह्या खड्ड्यातून ती निघनार कशी?

मास्तर : येसूबाई, ओरडू नका. इंजिन बंद आहे.

येसूबाई : मी ओरडत नाय, मी अशीच बोलते. पानी ओत त्याच्यावर. इंजिनाचं झाकन उघड.

हिरामण : झाकण नको, मावशी. वाफ हाय.

येसूबाई : चुलीपुढं जन्म गेला माझा. वाफेचं काय सांगतोस? उघड.

हिरामण : मास्तर, काहीतरी बोला.

मास्तर : आज हवा चांगली आहे, येसूबाई.

येसूबाई : हे काय? हिरामन, हे काय?

हिरामण : इंजिन.

येसूबाई : इंजिन मना दिसतंय. त्याच्यावर कुंकवाची पाच बोटं हायत. त्यातली करंगली वाकडी हाय. ही बघ माझी करंगली. मचव्याच्या दोरात सापडली तेव्हापासून अशी हाय. रेवसात अशी करंगली दुसरी नाय.

हिरामण : दुसरी नाय.

येसूबाई : मग दर सोमवारी तुझ्या शेडमध्ये येऊन त्या पेटीवर मी फूल वाहते ते कुनाला?

हिरामण : धोंड्यांना.

येसूबाई : किती?

हिरामण : तीन. वजन जुळायला पायजे होतं.

मास्तर : देव दगडातही असतो, येसूबाई.

येसूबाई : तुमी गप बसा. तुमच्या घरचं घंगाल गेलंय म्हनून तुमाला सोडते. हिरामन, ह्याचं हँडल माझ्या उशाखाली होतं. ते कुनी दिलं?

हिरामण : नाव घेऊ का?

येसूबाई : नको घेऊ. हिरवे हात. मना कललं. आईच्या उशीखाली हात घालनारी पोर माझ्याच पोटी यायची होती. फिरव गाडी मागं. मना घरी जायचंय.

मास्तर : मागे फिरवायची म्हणजे पुढे जावं लागेल. पुढे जायचा एकच गिअर आहे, आणि त्याच्यावर रेवस गाठायला तास लागेल.

येसूबाई : भरती कवा हाय?

हिरामण : अर्ध्या तासात पाणी ह्या उघाडीतनं आत शिरंल.

येसूबाई : ही कंची उघाडी? पयली का मधली?

हिरामण : मधली, मावशी.

येसूबाई : मधली.

मास्तर : का हो? काय झालं?

येसूबाई : माझी धाकटी बहीन तळखारात दिली होती, मास्तर. गोदू. तुमाला ठाव नाय, तुमी पालीहून आत्ता आलाव. दिवस भरले तवा अडली. दवाखान्यात न्यायला डोलीत घालून चौघं रेवसाकडं निघाले. सकाली निघाले. ती डोली मधल्या उघाडीशी रुतली, ती भरतीपर्यंत निघाली नाय. मी बंदरावर उभी होती. दिसत होतं सगलं. एवढं लांब, हाताच्या पंज्याएवढं. मग डोली परत मागं फिरवली तळखाराकडं. ती कशापायी फिरवली ते मना लांबूनच कललं. सतरा वर्सं मी ह्या वाटंला पाय लावला नाय.

मास्तर : मला माहीत नव्हतं. मी आपला हसण्यावारी नेत होतो.

हिरामण : मी होतो, मावशी.

येसूबाई : कुठं होतास?

हिरामण : इथंच. गोदूकाकी माझी सख्खी चुलती. मी दहा वर्षांचा होतो. तिच्या तोंडावर पाऊस येऊ नये म्हणून छत्री धरायला मला घेतलेलं. मोठी माणसं बोलायची, उचला. एक पाय उचलला की दुसरा रुतायचा. काकी मला बोलली, बाल्या, हात दुखत असंल तर ठेव खाली छत्री. मी ठेवली नाय. तिला आता पावसाचं काय नव्हतं, तरी मी धरूनच उभा होतो.

येसूबाई : हे मना कुनी सांगितलं नाय.

हिरामण : कुणाला सांगायचं? मग लष्करात गेलो. तिकडं एकदा चिखलात अडकलेली जीप माझ्या डोळ्यांसमोर घुर्र करून वर आली, आत पाच माणसं. मला रडू आलं. साहेब बोलला, डोळ्यांत पेट्रोल गेलं का? मी बोललो, हां साब. स्वराज्य येऊन पाच वर्षं झाली, तळखारला रस्ता काय आला नाय. लिलावात ही दिसली तशी घेतली. लग्नाचं नंतर डोक्यात आलं, मावशी. गाडी आधी.

येसूबाई : इंजिन मागायचं होतंस मना.

हिरामण : तुम्ही दिलं नसतं.

येसूबाई : नसतंच दिलं.

मास्तर : मध्येच बोलतो, माफ करा. पाणी हलायला लागलंय. माझ्या पायाला थंड लागतंय.

हिरामण : तुम्ही फळीवरनं कधी उतरलात?

मास्तर : मी थांब म्हटल्यावर फळी थांबली, मी थांबलो नाही. माझा डावा पाय कुठेतरी खाली आहे आणि वहाण त्याच्याही खाली आहे.

येसूबाई : हिरामन, ओझं कमी झालं तर गाडी निघंल?

हिरामण : निघंल. मागनं एक ढकल पायजे, म्हणजे पुढनं. पण मास्तर एकटे कसे ढकलतील?

येसूबाई : मी उतरते.

हिरामण : नको, मावशी. पायाला चिखल लागला तर नाव काढायचं नाय, असं तुम्हीच बोललाव. थोडं थांबा, मी फळ्या टाकतो चाकाखाली.

येसूबाई : फळ्या टाकेपर्यंत पानी येतंय. बोलनं माझं, पाय माझं, बहीन माझी. तू बस तिकडं आनि गिअर टाक.

मास्तर : अहो, नऊवारी लुगडं नेसून...

येसूबाई : लुगडं धुता येतं. सरका. खांदा लावा, मास्तर. घंगालाला नको हो, गाडीला. आता लावा जोर. गोदूचं नाव घेते, तुमाला कुनाचं घ्यायचं ते घ्या.

मास्तर : मी सौभाग्यवतींचं घेतो.

हिरामण : हलली. मावशी, हलली. ढकला. निघाली बघा, निघाली. अहो, चढा लवकर, मला थांबता यायचं नाय, थांबलो तर परत रुतंल.

येसूबाई : चालव तू. बाक धरलाय मी. मास्तर, हात द्या. तो नाय, दुसरा. हां, आता चढा.

मास्तर : हिरामण, सरळ. अगदी सरळ. तो आंबा दिसतोय त्याच्याकडे. शाब्बास. आता गोठा. गोठ्याकडे नको. गोठा सोडून. अंगण आलं. पुरे, पुरे, पुरे. पोचलो.

हिरामण : हे घर, मावशी. पाणी अजून बांधाच्या पलीकडंच हाय. भरतीच्या आधी आलो आपण. पण तुमच्या पायाला चिखल लागला.

येसूबाई : गुडघ्यापरंत लागला. धुवायला पानी दे.

मास्तर : घंगाळात गरमच आहे.

येसूबाई : मग तेच ओता. हां. बरं वाटलं. हिरामन, तू असा गोठ्याला टेकून कशाला उभा?

हिरामण : नारळी पुनवेला सहा दिवस हायत. पुनवेनंतर मचवा पाण्यात जाणार. उद्या इंजिन उतरवतो, परवा तुमच्या मचव्यात बसवून देतो. पंख्याला ते बरोबरच फिरंल. मी चुकलो, मावशी. कमळला काय बोलू नका.

येसूबाई : मचव्याला काय धाड भरलीय? शीड हाय, वारा हाय. तुझ्या काकांनी, म्हंजे माझ्या मालकांनी, सगला जन्म शिडावर मीठ मुंबईला नेलं. ह्या गाडीला शीड लावता येतं का?

हिरामण : नाय.

येसूबाई : मग इंजिन राहू दे तिच्यात. तळखारात अडलेली बाई रेवसाला न्यायची तर चार मानसं नको, आठ नको, हे एक पुरे. मचवा जाईल हलू हलू. मीठ काय वाटेत बालंत होत नाय.

मास्तर : म्हणजे, येसूबाई, मी मध्यस्थ म्हणून स्पष्ट विचारतो. सोयरीक...

येसूबाई : तुलशीचं लगीन झालं की हिचं. म्हंजे कमलचं. गाडीचं झालंय दोनदा.

मास्तर : तारीख मी काढून देतो.

येसूबाई : तुमी फक्त जेवायला या. डावी-उजवी ज्याला कलत नाय त्यानं तारखा काढू नयेत.

हिरामण : मावशी, लग्नापर्यंत मला तीन महिने हायत. दोन्ही आस उतरवून पालथे करतो. गाडी सरळ चालंल. वरात रेवसाहून निघंल ती पुढं तोंड करून, ऐटीत. पाठ फिरवून आलेली नवरी बघून लोक हसतील नायतर.

येसूबाई : हसू देत. तू आसाला हात लावू नको.

हिरामण : का हो, मावशी?

येसूबाई : माझी वरात निघाली तवा मान वलवायची सोय नव्हती. नव्या सुनंनं मागं बघू नये म्हनायचे. ही अशीच राहू दे. कमल बाकावर बसून येईल आनि तुझ्या दारात पोचेपरंत तिला तिचं घर दिसत राहील.